छोटे लॅपटॉप आणि लिनक्स : तीन वर्षांच्या निवडीची हकीकत

२००८ सालच्या दिवाळीच्या सुमारास आम्ही चार-पाच संशोधक विद्यार्थी पुण्यातील एका दुकानात लहानसा लॅपटॉप विकत घ्यायला गेलो होतो. दर शनिवारी आसपासच्या गावांतील शाळांत जाऊन आठवी-नववीच्या मुलांना काही प्रयोग दाखवायचे, असा आमचा उपक्रम होता. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी भिंतीवर दाखवायच्या तर संगणक हवा, आणि तो एस.टी.च्या गर्दीत खांद्यावरच्या पिशवीतून नेता यायला हवा. जेमतेम नऊ इंचांचा पडदा आणि किलोभर वजन असलेले एक यंत्र आमच्या वर्गणीत बसत होते. त्यात लिनक्स होते. पावती करताना दुकानदार अगदी सहज म्हणाला, "सर, उद्या या. एक्स.पी. टाकून ठेवतो. त्याचे पैसे नाहीत."

नको म्हटल्यावर तो थोडा चकित झाला. "मग हे चालवणार कोण?" त्याने विचारले.

हा प्रश्न त्या एका दुकानात विचारला गेला असे नाही. २००७ ते २०१० या काळात स्वस्त आणि लहान लॅपटॉप घेणाऱ्या जगभरच्या ग्राहकांपुढे संगणकाच्या इतिहासात प्रथमच अशी निवड आली की, दुकानातील फळीवरच विंडोज आणि लिनक्स ही दोन्ही यंत्रे शेजारी-शेजारी मांडलेली होती. तीन वर्षांत ही निवड जवळजवळ नाहीशी झाली. ती का आली आणि का गेली, हे पाहताना तंत्रज्ञानाबरोबरच व्यापार, सवय आणि शिक्षण यांचाही विचार करावा लागतो. शाळेसाठी संगणक घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यांना ही हकीकत उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

हिशेबाची बाजू

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, ही शाळेच्या कार्यालयासारखी असते. कोणत्या वर्गाला कोणती खोली, प्रयोगशाळा कोणाला केव्हा, घंटा कधी द्यायची हे कार्यालय ठरवते. शिकवण्याचे प्रत्यक्ष काम मात्र वर्गात होते. त्याप्रमाणे स्मृती कोणाला किती द्यायची, कळफलकावरून आलेले अक्षर कोणत्या प्रोग्रॅमकडे पोचवायचे, फाइल डिस्कवर कोठे ठेवायची ही सारी व्यवस्था कार्यप्रणाली पाहते. लॅपटॉपचा कारखानदार ही कार्यप्रणाली बाहेरून घेतो आणि तिच्यासाठी दर यंत्रामागे काही रक्कम मोजतो.

आता एक साधा हिशेब करू. (आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) समजा, लॅपटॉपची किंमत ५०,००० रुपये आहे आणि त्यातील कार्यप्रणालीपोटी २,५०० रुपये जातात. हा हिस्सा झाला ५ टक्के. गिऱ्हाइकाला तो जाणवतही नाही. यंत्राची किंमत १२,००० रुपयांवर आली आणि कार्यप्रणालीचा दर तोच राहिला, तर हिस्सा जवळजवळ २१ टक्के होतो. यंत्राचे सुटे भाग वर्षागणिक स्वस्त होत जातात; परवान्याची किंमत मात्र आपोआप उतरत नाही. म्हणूनच स्वस्त यंत्राचा विचार सुरू झाला की कार्यप्रणालीचा प्रश्न पुढे येतो.

लिनक्सचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरता येईल, तपासता येईल, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली उभारायची, हा त्यामागचा हेतू होता. तिची बहुतेक अंगे तयार झाली, पण गाभा रेंगाळला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या संगणकासाठी लिहिलेला गाभा सर्वांसाठी खुला केला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. गाभा आणि त्याभोवतीची अंगे एकत्र बांधून जे गाठोडे तयार होते त्याला वितरण म्हणतात. डेबियन, रेड हॅट, उबुंटू ही अशा वितरणांची नावे. गाभा एकच, पण गाठोडी अनेक, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

शंभर डॉलरचा संगणक

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया प्रयोगशाळेचे निकोलस निग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे एक कल्पना मांडली : गरीब देशांतील प्रत्येक मुलासाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथील परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा हिरवा-पांढरा नमुना दाखवण्यात आला. वीज नसलेल्या गावासाठी त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. तो तिथेच निखळून हातात आला, असे सांगतात. पुढे तयार झालेल्या यंत्रातून तो दांडा वगळण्यात आला.

या यंत्राचे नाव एक्स.ओ. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि हार्ड डिस्कऐवजी अवघी एक गिगाबाइट फ्लॅश स्मृती होती. मेरी लू जेप्सेन यांनी रचलेला त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई, आणि विजेची गरज साध्या लॅपटॉपच्या मानाने फारच थोडी होती. कार्यप्रणाली लिनक्स, आणि तिच्यावर मुलांसाठी खास बनवलेले 'शुगर' नावाचे आवरण. कळफलकावर एक वेगळी कळ अशी ठेवली होती की, ती दाबल्यावर चालू प्रोग्रॅमची मूळ संहिता डोळ्यांसमोर यावी. घड्याळाचे मागचे झाकण उघडून पाहणाऱ्या मुलासाठीच जणू ती कळ होती. ॲपल कंपनीने आपली कार्यप्रणाली फुकट देऊ केली होती आणि ती खुली नाही म्हणून प्रकल्पाने ती नाकारली, अशी बातमी २००५ साली प्रसिद्ध झाली होती. येथे लिनक्सची निवड किमतीपुरती नव्हती, हे यावरून दिसते.

शंभर डॉलरचे उद्दिष्ट गाठले गेले नाही. २००७ च्या अखेरीस कारखान्यातून यंत्रे बाहेर पडू लागली तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या घरात होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच नकार दिला होता. अशा साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे आम्हांला तेव्हा खटकले होते. आज इतके खटकत नाही. पेरूमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, एक्स.ओ. मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत मोजता येण्यासारखी प्रगती आढळली नाही. उरुग्वेने मात्र २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलापर्यंत असे यंत्र पोचवले आणि त्यासोबत इंटरनेट व दुरुस्तीची व्यवस्थाही उभी केली.

मोठ्या कंपन्यांनी या हालचालीची दखल लगेच घेतली. इंटेलने शाळांसाठी 'क्लासमेट' हा स्वतःचा छोटा लॅपटॉप काढला. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००७ मध्ये विकसनशील देशांतील सरकारांना विंडोज एक्स.पी.ची मर्यादित आवृत्ती आणि ऑफिस मिळून अवघ्या तीन डॉलरला देण्याची योजना जाहीर केली. तीन डॉलर! वर्षानुवर्षे जो दर उतरत नव्हता तो फुकट पर्याय दिसताच कोठवर उतरू शकतो, याचा हा पहिला दाखला.

त्याच वर्षी नायजेरियात एक वेगळाच प्रकार घडला. तेथील शाळांसाठी १७,००० क्लासमेट लॅपटॉपवर मँड्रिव्हा या फ्रेंच कंपनीचे लिनक्स घालून देण्याचे ठरले होते. यंत्रे पोचण्याच्या सुमारास कळले की, पुरवठादार त्यावरील लिनक्स काढून विंडोज घालणार आहे. मँड्रिव्हाचे प्रमुख फ्रांस्वा बांसियों यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांना उद्देशून अनावृत पत्र लिहून जाहीर नाराजी व्यक्त केली. काही दिवसांनी पैसे पुरवणाऱ्या नायजेरियन सरकारी संस्थेने लिनक्सच राहील असे सांगितले. या सगळ्या घडामोडीत नायजेरियातील शिक्षकांना काय हवे होते, ते कोठे वाचायला मिळाले नाही.

चार गिगाबाइटचे यंत्र

शाळांसाठी आखलेली ही कल्पना बाजारात आणली ती तैवानच्या आसुस कंपनीने. जून २००७ मध्ये तैपेई येथील प्रदर्शनात तिने 'ई पी.सी.' दाखवला आणि ऑक्टोबरमध्ये तो तैवानमध्ये विक्रीला आला. सात इंचांचा पडदा, ९०० मेगाहर्ट्झचा पण मुद्दाम ६३० वर धावणारा सेलेरॉन प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती, वजन एक किलोहूनही कमी. साठवणीला फिरती हार्ड डिस्क नव्हती. तिच्या जागी चार गिगाबाइटची फ्लॅश स्मृती होती. अमेरिकेत त्याची किंमत ३९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १६,००० रुपये. काही महिन्यांतच लाखो यंत्रे खपली. घेणाऱ्यांत शाळकरी मुलांपेक्षा प्रवासात पत्रव्यवहार पाहणारी मोठी माणसेच अधिक असावीत.

या यंत्रात लिनक्स असण्याचे एक कारण किंमत, आणि दुसरे तितकेच ठोस कारण जागा. विंडोजची व्हिस्टा ही नवी आवृत्ती २००७ च्या जानेवारीत बाजारात आली होती. तिच्या सर्वांत साध्या प्रकारालाही डिस्कवर १५ गिगाबाइट मोकळी जागा लागे. चार गिगाबाइटच्या यंत्रात ती बसवणे म्हणजे रांजणातले पाणी तांब्यात ओतण्यासारखेच. जुने एक्स.पी. कसेबसे बसले असते, पण ते तर मायक्रोसॉफ्टने बाजारातून काढून घ्यायचे ठरवले होते. लिनक्सचे गाठोडे हवे तेवढे लहान बांधता येते. आसुसने झँड्रॉस हे वितरण घेतले आणि त्यावर मोठमोठी चित्रे असलेले सोपे आवरण चढवले. 'इंटरनेट', 'काम', 'शिकणे', 'खेळ' असे कप्पे. 'शिकणे'च्या कप्प्यात आवर्तसारणी, तारांगण, भूमितीच्या आकृत्या, चित्रकला असे प्रोग्रॅम आधीच भरलेले. यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होई.

त्याच्या आतील एक रचना आम्हांला फार आवडत असे. ती समजण्यासाठी वर्गातील फळ्याचे उदाहरण घेऊ. काही शाळांत फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा तैलरंगाने कायमचा रंगवलेला असतो. शिक्षक त्यावर खडूने नद्या, शहरे दाखवतात. तास संपला की डस्टर फिरवायचे, नकाशा जसाच्या तसा. ई पी.सी.मध्ये मूळ प्रणाली डिस्कच्या अशा भागात ठेवली होती की, तेथे केवळ वाचता येई, लिहिता येत नसे. वापरणाऱ्याने केलेला प्रत्येक बदल दुसऱ्या भागात, जणू खडूने, लिहिला जाई. आणि दोन्ही थर एकावर एक ठेवून यंत्र एकच चित्र दाखवी. मुलांनी काही बिघडवले तर यंत्र सुरू होताना एक कळ दाबून खडूचा थर पुसून टाकायचा. शाळेला याहून सोयीचे काय असणार?

पण याच रचनेत एक खोट होती. नकाशातील चूक दुरुस्त करायची झाली तर तैलरंग खरवडता येत नाही, त्यावर कागद डकवावा लागतो. प्रणालीची सुधारित आवृत्ती आली की जुनी फाइल खालच्या थरात तशीच राही आणि नवी फाइल वापरणाऱ्याच्या वाट्याच्या जागेत येऊन बसे. सुधारणा करावी तितकी मोकळी जागा कमी. चार गिगाबाइटच्या यंत्रात ही कुरकुर लवकरच सुरू झाली, आणि दोष लिनक्सच्या माथी गेला.

एक्स.पी.चे पुनरागमन

३ एप्रिल २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, विंडोज एक्स.पी.ची विक्री ३० जून २००८ ला थांबणार असली तरी अतिस्वस्त संगणकांसाठी तिची घरगुती आवृत्ती निदान ३० जून २०१० पर्यंत मिळत राहील. निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला मुदतवाढ द्यावी तसाच हा प्रकार. त्यापुढच्या महिन्यात आलेल्या बातम्यांनुसार दर होता विकसनशील देशांत २६ डॉलर आणि प्रगत देशांत ३२ डॉलर. अट अशी की, पडदा १०.२ इंचांहून मोठा नको, स्मृती एक गिगाबाइटपेक्षा जास्त नको, हार्ड डिस्क ८० गिगाबाइटपेक्षा मोठी नको. या अटी पुढे थोड्या सैल झाल्या. पण त्यानंतर आलेली सगळी नेटबुके एका साच्यातून काढल्यासारखी का दिसतात, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना त्याचे उत्तर बऱ्याच अंशी या अटींत सापडेल. सॉफ्टवेअरच्या परवान्याने यंत्राचे आकारमान ठरवल्याचे इतके उघड उदाहरण दुसरे आठवत नाही.

एप्रिल २००८ मध्येच आसुसने ई पी.सी. ९०० आणला. एक्स.पी. असलेल्या यंत्रात साठवण १२ गिगाबाइट. लिनक्स असलेल्या यंत्रात २० गिगाबाइट. ब्रिटनमध्ये दोहोंची किंमत सारखीच होती. म्हणजे ग्राहकाला आठ गिगाबाइटच्या रूपात विंडोजची किंमत डोळ्यांनी दिसत होती. निवड इतक्या स्वच्छपणे मांडलेली आम्ही पुढे कधी पाहिली नाही. वर्गात संधिमूल्य ही कल्पना शिकवायची असेल तर हे उदाहरण जरूर वापरावे.

यानंतर गर्दी झाली. इंटेलचा ॲटम हा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर २००८ च्या मध्यास उपलब्ध झाला आणि जवळपास प्रत्येक कंपनीने नेटबुक काढले. एसरच्या ॲस्पायर वनमध्ये लिनपस, एम.एस.आय.च्या विंडमध्ये सुसे, डेलच्या मिनी ९ मध्ये उबुंटू, आसुसमध्ये झँड्रॉस. मघाशी सांगितलेली गाठोड्यांची गोष्ट येथे नडली. गाभा एकच असूनही प्रत्येकाचे आवरण वेगळे, नवा प्रोग्रॅम घालण्याची रीत वेगळी, मदत मागण्याची जागा वेगळी. एका शेजाऱ्याला जमलेली युक्ती दुसऱ्याच्या यंत्रावर चालेना. उलट विंडोज कोणत्याही यंत्रावर तेच होते आणि शेजारीपाजारी, भाच्यापुतण्यांत त्याचा कोणी ना कोणी जाणकार सापडे. कार्यप्रणालीची खरी सहायता-सेवा पुष्कळदा घरातील एखादा दहावी पास मुलगाच असतो, हे कारखानदारांच्या ध्यानात आले नसावे.

ऑक्टोबर २००८ मध्ये एम.एस.आय.च्या अमेरिकेतील विक्री-अधिकाऱ्याने एका मुलाखतीत सांगितले की, लिनक्सची नेटबुके परत येण्याचे प्रमाण एक्स.पी.च्या चौपट आहे. ही बातमी जगभर पसरली. लोक खोके उघडतात, ओळखीचा पडदा दिसत नाही, आणि यंत्र परत करतात, असा तिचा आशय होता. डेलचा अनुभव मात्र निराळा निघाला. २००९ साली तिच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की, मिनी ९ पैकी सुमारे एकतृतीयांश यंत्रे उबुंटूसह विकली गेली आणि परतीचे प्रमाण विंडोजच्या यंत्रांएवढेच राहिले. एकाच वर्षी एकाच वर्गातील यंत्रांविषयी इतकी भिन्न उत्तरे कशी? आमच्या मते याचे कारण लिनक्समध्ये शोधण्यापेक्षा ते कसे बसवले आणि कसे विकले यात शोधावे. आपण काय घेतो आहोत हे ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी सांगितले होते का, आणि कॅमेरा, ध्वनी, बिनतारी जोडणी ही अंगे कारखान्यातच नीट चाचपून पाहिली होती का, या दोन गोष्टींवर बराचसा फरक पडत असावा.

एप्रिल २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एन.पी.डी. या बाजार-पाहणी संस्थेचे आकडे देऊन सांगितले की, अमेरिकेत नेटबुकवरील विंडोजचे प्रमाण २००८ च्या पूर्वार्धात दहा टक्क्यांहून कमी होते, ते फेब्रुवारी २००९ मध्ये ९६ टक्के झाले. हे आकडे एका देशातील किरकोळ विक्रीचे आहेत आणि सांगणारा पक्ष तटस्थ नव्हता, तरी दिशा खरी होती. पण या विजयाची किंमत पडली. त्याच वर्षी २२ जानेवारीला कंपनीने ५,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. वैयक्तिक संगणकांवरील विंडोजचे उत्पन्न त्या तिमाहीत आठ टक्क्यांनी घटले होते, आणि त्याच्या कारणांत स्वस्त नेटबुकांकडे वळलेल्या ग्राहकांचा उल्लेख होता. फुकटच्या पर्यायाने ग्राहक फारसे मिळवले नाहीत, पण दर मात्र पाडला. ज्यांनी २००९ साली एक्स.पी.चे नेटबुक घेतले त्यांच्याही खिशात काही पैसे लिनक्समुळे उरले, असे म्हणायला हरकत नाही.

पुढचे थोडक्यात सांगायचे तर, ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आले. त्याच्या नेटबुकसाठीच्या प्रकारात पडद्यावरील पार्श्वचित्रही बदलता येत नसे. २०१० साली आयपॅड आला आणि लोकांचे लक्ष तिकडे गेले. २०१२ च्या अखेरीस नेटबुकांचे उत्पादन जवळपास थांबले. लिनक्सचा गाभा मात्र अँड्रॉइडच्या रूपाने कोट्यवधी फोनांत शिरला, आणि २०११ पासून निघालेल्या क्रोमबुकांत शिरून अमेरिकेतील शाळांतही पोचला. तेथे २०१६ पर्यंत शाळांनी घेतलेल्या यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक क्रोमबुके होती. त्यांवर लिनक्स हे नाव कोठेही लिहिलेले नसते.

आपल्याकडे

आता पुन्हा पुण्यातील त्या दुकानाकडे येऊ. आठ गिगाबाइट की विंडोज, असा प्रश्न लंडनच्या ग्राहकापुढे होता तसा आपल्याकडे कधी उभाच राहिला नाही. दुकानदाराजवळच्या चकतीतून एक्स.पी.ची नक्कल फुकट मिळत होती. लिनक्सचा लॅपटॉप घ्यायचा कारण तो हजार-दोन हजारांनी स्वस्त, आणि घरी नेण्यापूर्वीच तो पुसून टाकायचा, अशी पद्धतच पडली होती. जेथे सगळेच फुकट तेथे फुकट असण्याला काय मोल? त्या दुकानदारालाही बोल लावता येत नाही. गोंधळलेले गिऱ्हाईक चार दिवसांनी त्याच्याच दारात येणार होते.

आणि त्याचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता, हे आम्हांला लवकरच कळले. एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी आमचे यंत्र आठवडाभर मागून घेतले. मुलांना तारांगणाचा प्रोग्रॅम इतका आवडला की, त्यांनी आपल्या गावावरचे आकाश पाहण्यासाठी अक्षांश-रेखांश स्वतः शोधून भरले. बाई खूश होत्या. पण वरिष्ठ कार्यालयाकडून आलेला माहितीचा तक्ता त्यात उघडला तेव्हा मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसली. तो तक्ता युनिकोडमध्ये नव्हता. त्या काळी सरकारी कामात सर्रास चालणाऱ्या एका जुन्या टंकात होता, आणि त्या टंकाचे मराठी लिहिण्याचे साधन केवळ विंडोजवर चाले. रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेल्या लोहित टंकांमुळे लिनक्सवर युनिकोड मराठी तेव्हाही चांगली दिसत होती, पण कार्यालयाची मराठी निराळी होती. बाईंनी यंत्र परत करताना म्हटले, "मुलांना चालेल हो, मला नाही चालणार." आम्हांला यावर उत्तर देता आले नाही.

केरळमध्ये हे निराळ्या तऱ्हेने घडले. तेथील 'आय.टी. ॲट स्कूल' हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला आणि त्याच दशकात टप्प्याटप्प्याने पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आला. राज्याने डेबियन, पुढे उबुंटू यांवर आधारित स्वतःचे एकच वितरण बांधले, पाठ्यपुस्तके त्याप्रमाणे लिहिली, दहावीची माहिती-तंत्रज्ञानाची परीक्षा त्यावर घेतली, आणि हे सारे करताना हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. तेथे लिनक्स हा फळीवरचा एक पर्याय नव्हता, शाळेचा रोजचा व्यवहार होता, "चालवणार कोण?" या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार करून ठेवलेले होते. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपांवर विंडोजबरोबर सी-डॅकचे 'बॉस' हे लिनक्सही घालून दिले. दोन्ही दारे उघडी ठेवली की बहुतेक जण ओळखीच्याच दाराने जातात, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत २००७ सालीच एक्स.ओ. यंत्रे आली होती. भारतातील तो पहिला प्रयोग. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी पुढे तेथील मुलांचे काम जवळून पाहिले. पहिली ते चौथीची ही मुले विंडोज कधी पाहिलेलीच नसल्याने, नेहमीचे काहीतरी हरवल्याची तक्रार करण्याचे त्यांना कारण नव्हते. एक्स.ओ.साठी देवनागरी कळफलकही तयार झाला होता. सरकारचा नकार कायम असल्याने भारतात हा प्रयोग फारसा पसरला नाही.

आमचे नेटबुक अजून चालू आहे. विंडोज एक्स.पी.साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाल्या. त्याच्या मूळ लिनपस-झँड्रॉससारख्या भावंडांना तर त्याहून कितीतरी आधी कोणी वाली उरला नव्हता. आम्ही त्यावर डेबियन घातले आणि दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती घालत गेलो. त्याचा ॲटम प्रोसेसर ३२ बिटांचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीने अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली, त्यामुळे ते आता १२ व्या आवृत्तीवरच थांबले आहे. तिच्या सुरक्षा-सुधारणा जून २०२८ पर्यंत मिळतील. बॅटरी केव्हाच गेली, तेव्हा ते वायर जोडूनच चालवावे लागते. सध्या प्रयोगशाळेच्या खिडकीत बसून ते दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवत असते.